आमचा कॅम्पर ट्रक सरळ चालायला लागला त्याची हकिगत

वेग साठच्या पुढे गेला की आमचा ट्रक भटकायला लागायचा. स्टिअरिंग जरा डावीकडे दिलं की तो हवं त्यापेक्षा जास्त जायचा. उजवीकडे आणावा तर मधली रेषा ओलांडून पलीकडे जायचा. सरळ रस्त्यावरही हातांना क्षणभर विसावा नसे. शेजारून मोठी बस पुढे गेली की आधी बाहेर ढकललं जायचं, मग आत ओढलं जायचं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ मागची खोली आपल्या मनाने डुलत राहायची. मी आणि माझा मोठा भाऊ आलटून पालटून चालवायचो. गाडी थांबली की दोघांचेही खांदे दगड झालेले असत.

ट्रक मुळात मालवाहू. साडेसात टनांच्या वर्गातला, पुढे बीम एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा, चारही कोपऱ्यांवर पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मागे जोडचाकं, पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर ३.६ मीटर. हौद्याच्या जागी राहायची खोली आम्ही घेण्याआधीच बसवलेली होती. काम दिसायला सुबक होतं. पण खोली बांधणाऱ्याला सुतारकाम, वायरिंग आणि नळकाम उत्तम येत असलं, तरी खालच्या चासीशी त्याची ओळख असतेच असं नाही. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने पाटे, स्टिअरिंग आणि टायर विशिष्ट वजनासाठी, विशिष्ट जागी ठेवलेल्या भारासाठी जुळवलेले असतात. वर खोली चढवली की तो सगळा हिशेब बदलतो, आणि तो नव्याने कुणीतरी मांडावा लागतो.

तक्रार सांगितली की लोक उपाय सांगायचे, निदान कुणीच करत नव्हतं. कुणी म्हणे स्टिअरिंग डॅम्पर लावा, कुणी म्हणे मागे एअरबॅग, म्हणजे हवेच्या स्प्रिंगा, टाका, कुणी म्हणे टायर रुंद घ्या. मला हे पटत नव्हतं. डॅम्पर चाकांकडून येणारे झटके शोषतो, पण सरळ न चालणाऱ्या गाडीला सरळ चालवत नाही. उलट दोष झाकला गेला की तो शोधणं आणखी अवघड होतं. म्हणून ठरवलं की कारण सापडेपर्यंत एकही नवा भाग विकत घ्यायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

आधी तक्रारच नीट लिहून काढली. ‘गाडी हलते’ एवढ्याने काही हाती लागत नाही. केव्हा हलते, कशानंतर हलते, आधी पुढची बाजू की मागची, हे विचारावं लागतं. वारा नसलेल्या सकाळी एकच ओळखीचा रस्ता, तोच वेग, एक जण चालवणार आणि दुसरा वही घेऊन बसणार, अशी पद्धत ठेवली. दोन फेऱ्यांत मध्ये टायर पुरते थंड होऊ द्यायचे, म्हणजे हवा सारखी राहते. दादा चालवताना मोठ्याने बोलत राहायचा, ‘आत्ता सोडलं’, ‘आत्ता परत आणलं’, आणि मी टिपत जायचे.

वही भरल्यावर दिसलं की आम्ही ज्याला एक दोष समजत होतो ते चार वेगळे होते. एक, सरळ रस्त्यावर भटकणं, आणि त्याच्या जोडीला वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर न येणं. दोन, लांब वळणावर शिरल्यानंतर वळण आपोआप घट्ट होणं, इतकं की दिलेलं स्टिअरिंग थोडं सोडावं लागायचं. तीन, लेन बदलून झाल्यावर, गाडी सरळ झाली तरी खोलीचा एक उशिरा येणारा हेलकावा. आणि चार, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढ. चौथ्याचं लवकर सांगून टाकते. काही वेळ ब्रेक वापरून थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रमचं तापमान बघितलं. पुढचा एक ड्रम दुसऱ्यापेक्षा बराच थंड होता, म्हणजे तिथला ब्रेक कामच करत नव्हता. ब्रेक उघडून साफ केला, दोन्ही बाजू सारख्या जुळवल्या आणि ओढ गेली. उरलेले तीन एकमेकांत गुंतलेले होते.

पहिलं ठिकाण वजनकाटा. पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, कपडे, भांडी, हत्यारं जागच्या जागी, आम्ही दोघं केबिनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासात असतो तसंच. काट्यावर आधी पूर्ण ट्रक, मग फक्त पुढचा एक्सल, मग फक्त मागचा. त्यानंतर अशा प्रकारे उभा केला की एकाच बाजूची चाकं काट्यावर येतील. काट्याच्या आजूबाजूची जमीन सपाट असेल तरच या बाजूच्या वजनाला अर्थ असतो. तिरकी असेल तर आकडा खोटा येतो.

एकूण ६,३०० किलो. हे ठीक होतं, मर्यादेच्या बरंच आत. पण पुढच्या एक्सलवर फक्त १,९८० किलो आणि मागे ४,३२०. म्हणजे पुढे जेमतेम एकतीस टक्के. बाजूंचा हिशेब केला तर डावीकडे ३,३१० आणि उजवीकडे २,९९०. फ्रिज, बॅटऱ्या, ओटा सगळं डावीकडेच बांधलेलं होतं.

वजन मर्यादेत आहे म्हणून बहुतेक लोक इथेच थांबतात. मला मात्र वाटतं की कॅम्परमध्ये एकूण वजनापेक्षा ते कुठे ठेवलंय हे जास्त बोलकं असतं. मागच्या एक्सलच्याही मागे ठेवलेली वस्तू पुढचा एक्सल वर उचलते. गणित तरफेचं आहे. आमच्या शेपटीला, मागच्या एक्सलपासून १.८ मीटर मागे, स्टेपनी, मोटरसायकलची चौकट आणि हत्यारपेटी मिळून १८० किलो लटकत होतं. १८० गुणिले १.८ भागिले ३.६, म्हणजे पुढचा एक्सल त्याने ९० किलोने हलका होत होता, आणि मागच्यावर १८० नव्हे, २७० किलो येत होते. पाण्याची ३०० लिटरची टाकी मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागे होती. तिने पुढचे आणखी ७५ किलो काढून घेतले होते. ज्या चाकांनी गाडीला दिशा द्यायची, त्यांच्यावरचा भार आम्ही स्वतःच उचलून घेत होतो.

तरी लगेच सामान हलवलं नाही. आधी टायर.

एक्सल आणि बाजूंची वजनं हातात असल्यामुळे टायरचं काम सोपं झालं. पुढच्या प्रत्येक टायरवर सुमारे हजार किलो येत होते. टायरच्या कडेवर भार निर्देशांक १२६/१२४ असा होता. म्हणजे एकेरी चाकावर १,७०० किलो आणि जोडचाकात प्रत्येकी १,६००. टायरमध्ये हवा मात्र कडेवर छापलेल्या कमाल भारासाठीची भरलेली होती. पूर्ण भरलेल्या मालवाहू ट्रकला ती बरोबर असते. आमच्या पुढच्या टायरला ती फार होत होती. एवढ्या हवेवर टायर दगडासारखा होतो, जमिनीला टेकणारा भाग लहान होतो, आणि रस्त्यावर अवजड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांच्या कडा त्याला इकडेतिकडे ढकलतात. टायर कंपन्या भार आणि हवेचा तक्ता देतात. त्यात आपल्या सर्वांत जड चाकाचा आकडा धरायचा, वर थोडी सूट ठेवायची, एका एक्सलवर दोन्ही बाजूंना सारखीच हवा ठेवायची, आणि तक्त्यातल्या सर्वांत कमी आकड्याच्या खाली कधीच जायचं नाही. हवा नेहमी थंड टायरवर मोजायची. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा बघायला हात पोचत नाही म्हणून ती कित्येकदा बघितलीच जात नाही. आमचा आतला एक टायर बराच खाली गेलेला निघाला. जोडीतला एक बसला की त्याचा भार दुसरा उचलतो आणि तापतो.

टायरचं वयही बघितलं. कडेवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढचे दोन्ही टायर खाचांनी भरपूर शिल्लक होते, पण दोघांची वर्षं वेगळी होती आणि जुन्याच्या कडेला बारीक भेगा दिसत होत्या. पुढच्या एक्सलवर एकाच वयाची, एकाच नमुन्याची जोडी हवी, म्हणून ते बदलले. ठरवलेल्या नियमाला हा अपवाद होता, पण तो सुरक्षेचा होता, निदानाचा नव्हता. हवा आणि टायरनंतर चाकोऱ्यांवरची ओढाताण बरीच कमी झाली. भटकणं तसंच होतं.

मग सांधे. इथे आम्हाला एका जुन्या ट्रक मेस्त्रींची मदत झाली. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. इंजिन चालू ठेवलं, चाकं जमिनीवरच, आणि दादाला म्हणाले, ‘स्टिअरिंग थोडं डावी-उजवी हलवत राहा, चाक वळेल इतकं नको.’ मला म्हणाले, ‘ताई, एकेका सांध्यावर बोट ठेवून बघा.’ इंजिन चालू हवं, कारण पॉवर स्टिअरिंगची ताकद सांध्यांवर आली तरच ढिलाई दिसते. स्टिअरिंग बॉक्सचा दांडा हलतो, आणि ती हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्रॅग लिंकचं टोक त्याच्या मागून क्षणभर उशिरा हलतं. ते डोळ्यांनी दिसण्याआधी बोटाला कळतं. ड्रॅग लिंकचा मागचा बॉल जॉइंट गेलेला होता. टायरॉडची, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याची, दोन्ही टोकं घट्ट होती. बॉक्स स्वतः चासीवर हलत नव्हता. तेही बघायचं असतं, कारण कधी कधी दोष बॉक्सच्या आत नसून त्याच्या बोल्टमध्ये असतो.

किंगपिन म्हणजे ज्याच्याभोवती पुढचं चाक वळतं तो उभा खिळा. तो तपासायला पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. थोडा प्ले, म्हणजे ढिलाई, लागला. मग दादाने ब्रेक दाबून धरला आणि मेस्त्रींनी पुन्हा हलवलं. प्ले नाहीसा झाला, म्हणजे तो किंगपिनचा नसून व्हील बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला असता तर किंगपिनचा. बेअरिंग जुळवणं अर्ध्या तासाचं काम होतं.

त्यानंतर त्यांनी केलं ते मी कुठेच वाचलं नव्हतं. ड्रॅग लिंक सोडवून ठेवली आणि पुढची चाकं हवेत असताना हाताने वळवून बघितली. वळायला हलकी हवी होती. एका बाजूचं चाक जड, मध्येच अडखळणारं. मग तशाच सोडवलेल्या स्थितीत केबिनमधलं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बरोबर मध्यावर, सरळ चालताना जिथे हात असतो तिथेच, एक घट्ट जागा लागत होती.

स्टिअरिंग चालवताना जो जरासा प्ले जाणवतो तो काढायचा म्हणून पूर्वी कुणीतरी बॉक्सवरचा स्क्रू आवळून ठेवला होता. मध्यावरचा प्ले त्याने खरंच कमी होतो. पण गरजेपेक्षा जास्त आवळला की बॉक्स मध्यावरच पकडतो, आणि चाकांना आपणहून सरळ व्हायचं असलं तरी होता येत नाही. खरा प्ले ड्रॅग लिंकच्या सांध्यात होता, आणि इलाज बॉक्सवर झाला होता. त्यामुळे एका दोषाचे दोन झाले. मेस्त्रींनी तो स्क्रू दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मापावर आणला, नवा बॉल जॉइंट बसवला, आणि अडखळणाऱ्या किंगपिनचं ग्रीस निपल काढून बघितलं. वाळलेल्या ग्रीसने ते बुजलं होतं. एक्सल जॅकवर ठेवूनच ग्रीस भरायचं असं त्यांनी बजावलं. चाकं जमिनीवर असताना किंगपिनच्या थ्रस्ट बेअरिंगवर सगळं वजन असतं आणि ग्रीस आत शिरायला फट मिळत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत पंप चालवला.

त्या दिवशीच्या फेरीत पहिल्यांदा मला वाटलं की आपण वाटेवर आहोत. किंगपिन जड असले की गाडीला शेवटचं वळण आठवत राहतं. डावीकडून आलात तर ती डावीकडेच सरकत राहते, उजवीकडून आलात तर उजवीकडे. हे गेलं. पण चौकातून वळून झाल्यावर स्टिअरिंग सोडलं तर ते अर्ध्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. परत यायची ओढच कमी होती.

ही ओढ कॅस्टरमधून येते. किंगपिन बाजूने बघितला तर वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. त्या झुकावामुळे टायर जमिनीला टेकतो ती जागा किंगपिनच्या रेषेच्या मागे पडते, आणि चालत्या गाडीत चाक आपोआप सरळ होतं. आमच्याकडे व्हील अलाइनमेंटचा ताजा कागद होता. सगळे आकडे हिरवे. कागद नीट वाचला तेव्हा कळलं की त्यावर फक्त टो होता, म्हणजे चाकं वरून बघताना किती आत-बाहेर वळलेली आहेत तो आकडा. बीम एक्सलचा कॅस्टर रोजच्या कामात जुळवायची सोय नसते, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो मोजतच नाहीत.

म्हणून मोजून घेतला. फिरत्या ताटल्यांवर पुढची चाकं ठेवून एकदा वीस अंश डावीकडे, एकदा वीस अंश उजवीकडे वळवायची, दोन्ही वेळा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, टिपायचा आणि फरकाला साधारण दीडने गुणायचं. कॅस्टर निघाला दीड ते पावणेदोन अंश. आमच्या ट्रकच्या पुस्तिकेत तो तीनच्या वर हवा होता.

बीम एक्सलचा कॅस्टर आपणहून कसा कमी होईल? एक्सल वाकलेला नव्हता, पुढचे पाटे बसलेले नव्हते. उत्तर पुढे नव्हतंच. पुस्तिकेतली चासीची उंची आणि आमची उंची ताडून बघितली, तर मागची बाजू ७५ मिलिमीटर वर होती. खोली बसवताना मागे वजन जास्त येणार म्हणून एक जादा पाटा घातलेला, आणि चासी खाली दिसू नये म्हणून एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळाही दिलेला. मागून चासी उचलली की सगळी गाडी नाकावर झुकते, आणि पुढचा एक्सल तिच्यासोबत पुढे कलतो. ३,६०० मिलिमीटरवर ७५ मिलिमीटर म्हणजे सुमारे १.२ अंश. हरवलेला कॅस्टर बहुतेक सगळा तिथेच सापडला.

आणि त्याच ठोकळ्याने दुसऱ्या तक्रारीचाही उलगडा केला. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मागच्या पाट्याचं पुढचं टोक चासीला पिनेने पक्कं असतं, मागचं शॅकल नावाच्या कडीवर झुलतं. त्यामुळे चाक वर-खाली होताना एक्सल त्या पुढच्या पिनेभोवती कंस काढत फिरतो. पिन एक्सलपेक्षा बरीच उंच असेल, तर चाक वर दाबलं गेल्यावर एक्सलची ती बाजू किंचित मागे जाते, आणि चाक खाली सुटल्यावर ती बाजू पुढे येते. वळणावर बाहेरची बाजू दाबली जाते, आतली सुटते. म्हणजे बाहेरची मागे, आतली पुढे. मागचा अख्खा एक्सल तिरका होतो आणि शेपटीला वळणाच्या बाहेर ढकलतो. वळण घट्ट होतं, चालवणारा घाबरून स्टिअरिंग सोडतो, खोली दुसऱ्या बाजूला झुकते, आणि एक्सल उलटा तिरका होतो. ठोकळ्यामुळे एक्सल खाली गेला आणि पिन त्या मानाने उंच झाली. मूळच्या रचनेत हा परिणाम कमी ठेवलेला असतो, किंवा मुद्दाम उलट दिशेचा असतो. चालवणाऱ्याला मात्र वाटतं की पुढचं स्टिअरिंगच बिघडलंय, कारण हात तिथे असतात.

एक शक्यता मात्र खोटी ठरली. मागचा एक्सल पाट्याच्या मधल्या बोल्टवरून सरकला असेल असा मला संशय होता. दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्यातलं अंतर मोजलं, फरक तीन मिलिमीटरच्या आत. तो विषय तिथेच सोडला.

ठोकळा लगेच काढणं शक्य नव्हतं, कारण मागचं वजन तेवढंच असताना मागची बाजू फार बसली असती. म्हणून आता सामान हलवायची पाळी आली. स्टेपनी, ८० किलोची, शेपटीवरून काढून केबिनच्या मागे, मागच्या एक्सलच्या २.७ मीटर पुढे आणली. शेपटीवर ती पुढचे ४० किलो खात होती. आता पुढच्या एक्सलला ६० देऊ लागली. पाण्याची टाकी दोन्ही एक्सलच्या मध्ये, मागच्यापासून १.२ मीटर पुढे. पुढच्या एक्सलला ७५ च्या तोट्याऐवजी १०० चा लाभ. बॅटऱ्या उजवीकडे नेल्या. काट्यावर पुन्हा गेलो तेव्हा पुढे २,२५५ आणि मागे ४,०४५ आले. नुसत्या जागा बदलून पुढच्या चाकांना पावणेतीनशे किलो परत मिळाले होते.

टाकी हलवताना तिच्याबद्दलचा एक जुना संशयही तपासून घेतला होता. टाकी पूर्ण भरून, मग रिकामी करून, मग अर्धी ठेवून त्याच रस्त्यावर गेलो. उशिरा येणारा हेलकावा अर्ध्या टाकीला सर्वांत मोठा होता. टाकी गाडीच्या पूर्ण रुंदीची आणि आतून मोकळी. लेन बदलली की पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर जातं, आणि गाडी सरळ झाल्यावर परत येऊन आपटतं. नव्या जागी एकाऐवजी दोन अरुंद टाक्या बसवल्या, आत आडभिंती असलेल्या.

पण टाकी रिकामी असतानाही थोडा हेलकावा होताच. त्यासाठी चासीच्या कण्याला मोबाईल बांधून, खोलीची खालची चौकट दिसेल असं लावून, हळू वेगात डावं-उजवं करत चित्रण घेतलं. चासी वळायची, आणि खोली तिच्यावर आडवी सात-आठ मिलिमीटर घसरून मग मागोमाग यायची. खोलीची चौकट पुढच्या बाजूला स्प्रिंगांवर ठेवलेली होती, आणि ते योग्यच आहे. ट्रकची शिडीसारखी चासी पिळवटण्यासाठीच बनवलेली असते. एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून बघितलं, तर कोपऱ्यात चौकट आणि चासीतली फट स्पष्ट उघडताना दिसली. खोली सगळीकडे घट्ट बोल्टने जखडली तर हा पीळ खोलीच्या भिंतींत किंवा चासीच्या बोल्टांत जातो आणि तिथे चिरा पडतात. म्हणून वर-खाली मोकळीक हवी, पण आडवी नको. आडवी रोखायला बाजूंना लोखंडी मार्गदर्शक पट्ट्या असतात. आमच्या पट्ट्या झिजून सैल झाल्या होत्या. नव्या, नेमक्या मापाच्या लावल्या, झिजणारा तुकडा बदलता येईल अशा, आणि हेलकाव्याचा तो राहिलेला भाग थांबला.

शेवटी पाटे. ठोकळा आणि जादा पाटा दोन्ही काढले, उरलेल्या पाट्यांना नव्या वजनाप्रमाणे पुन्हा कमान दिली. ठोकळा गेल्यावर पाटे एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट लांब पडतात. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचेही नसतात, म्हणून नवे. मागची बाजू ५५ मिलिमीटर खाली आली. त्याने कॅस्टर जवळजवळ ०.९ अंशाने परत मिळाला. पुढे वजन वाढल्यामुळे पुढचे पाटे थोडे बसले आणि त्यातला जरासा पुन्हा गेला. उरलेल्यासाठी पुढच्या पाट्याखाली एक अंशाच्या पोलादी पाचरी घातल्या. पाटा एक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे यायला हवी. उलटी बसली तर कॅस्टर वाढण्याऐवजी कमी होतो, म्हणून बसवण्याआधी तिघांनीही स्वतंत्रपणे तपासलं. मोजमाप सव्वातीन आलं.

पाचर घातल्यावर एक्सल फिरतो, त्यामुळे स्टिअरिंग जरा तिरकं दिसू लागलं. ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करायचं. केबिनमधलं चक्र उपटून सरळ बसवायचं नाही, कारण मग गाडी सरळ चालताना बॉक्स त्याच्या मध्यावर राहत नाही. त्यानंतर टो पुन्हा मोजला, जरासा टो-इन ठेवला, म्हणजे चाकांची पुढची बाजू किंचित आत.

मग दादा चालवत असताना मी पुन्हा वही घेऊन बसले. सत्तरला, त्याच रस्त्यावर. तो स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून होता आणि मला लिहायला काही मिळत नव्हतं. वळणातून बाहेर पडताना त्याने मुद्दाम हात सैल केला. चक्र तळव्याखालून सरकत मध्यावर आलं आणि तिथेच थांबलं. मी वही बंद करून त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली, कारण मला स्वतःला चालवून बघायचं होतं.

आडव्या वाऱ्यात खोली अजून ढकलली जाते, आणि तेवढी ती जाणारच. एवढ्या उंच, सपाट बाजूला वारा लागल्यावर कुठलंही जुळवणं तो पूर्ण थांबवू शकत नाही. तेव्हा वेग कमी करणं हाच इलाज आहे. छपरावरचं सामान आता आम्ही खाली पेटीत ठेवतो, त्याने झुकणं थोडं कमी झालंय. मागे अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणारा दांडा, लावावा का याचा विचार चालू आहे, पण आधी पाटे काही काळ चालून बसू देत, मग मोजून ठरवू. यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे आहेत, आणि सामान नव्याने लावलं की काट्यावर जायचं आहे. मागच्या खेपेची एक्सल आणि बाजूंची वजनं केबिनमध्ये चिकटवून ठेवली आहेत, म्हणजे फरक लगेच दिसेल.